सपाट नायट्रोजन

त्याच्या हातात कुठलाही गोळा द्या, डोळे मिटून तो सांगायचा. अंगठा एका भोकावर, तर्जनी दुसऱ्यावर, की झालं. "चाराचा." "तिनाचा." "दोनाचा." कारखान्यात नवीन लागलेले लोक पहिल्या आठवड्यात त्याची परीक्षा घ्यायचे आणि दुसऱ्या आठवड्यात नाद सोडून द्यायचे. तो चुकायचाच नाही, आणि कधीच न चुकणाऱ्या माणसाची गंमत फार दिवस टिकत नाही.

कारखाना शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांसाठी रेणूंच्या प्रतिकृती बनवायचा. लाकडी गोळे म्हणजे अणू, धातूच्या काड्या म्हणजे बंध. काळा गोळा कार्बनचा, पांढरा हायड्रोजनचा, लाल ऑक्सिजनचा, निळा नायट्रोजनचा. लाकूड कातणारे तिघे होते, रंगवणाऱ्या पाचजणी होत्या, भोकं पाडणारा हा एकटा. म्हणून तो ड्रिलवाला. हजेरीपटावर त्याचं दुसरं नाव होतं, पण ते फक्त हजेरी घेणाऱ्यालाच माहीत.

त्याचं मशीन उत्तरेकडच्या खिडकीशी होतं. वर भिंतीला खिळे, आणि खिळ्यांना टांगलेले लोखंडी साचे. चाराच्या साच्यात गोळा बसवून फिरवला की चार भोकं एकमेकांपासून एकशे साडेनऊ अंशांवर पडत. तिनाच्या साच्यात तीन भोकं एकाच पातळीत, एकशेवीस अंशांवर. दोनाच्या साच्यात समोरासमोर, सरळ रेघेत. अर्ध्या अंशाची चूक झाली तरी तो गोळा टोपलीत टाकायचा. टोपलीतले गोळे घरी जायचे, त्याच्या मुलीला खेळायला.

नववीत शाळा सुटलेला हा माणूस रसायनशास्त्र शिकला तो एका म्हाताऱ्या मास्तरांमुळे. कॉलेजातून निवृत्त झालेले हे गृहस्थ साचे तपासायला महिन्यातून एकदा यायचे. खिशात कायम कोनमापक, म्हणून सगळे त्यांना कोनमास्तर म्हणायचे. इतर लोक त्यांना चहा देऊन वाटेला लावायचे. ड्रिलवाल्याने एकदा विचारलं, "मास्तर, कुठल्या गोळ्याला किती भोकं, हे तुम्ही ठरवता कसं?" मास्तरांना आयुष्यात इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नसावा. त्यांनी सँडपेपरची पाठ घेतली आणि पेन्सिल काढली.

"अणूला विचारायचं, तुझे शेजारी किती. दुहेरी बंध असला तरी शेजारी एकच धरायचा. मग विचारायचं, घरात नुसत्या बसून असलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या किती. बसून असल्या तरी त्याही जागा अडवतात. दोन्हींची बेरीज करायची. चार आली तर एस-पी-थ्री, तीन आली तर एस-पी-टू, दोन आली तर नुसतं एस-पी. याला संकरण म्हणतात. मुलं या नावाला घाबरतात. तू घाबरू नकोस, तुझ्याकडे साचे आहेत."

"अमोनिया?"

"तूच सांग. शेजारी तीन हायड्रोजन, बसलेली जोडी एक."

"चार. म्हणजे चाराचा साचा, पण भोकं तीनच पाडायची. चौथी जागा जोडीची."

"पाणी?"

"शेजारी दोन, जोड्या दोन. तोही चाराचाच."

"कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन?"

"शेजारी दोन, बसलेलं कुणी नाही. सरळ रेघ."

वर्षभरात सँडपेपरच्या पंधरा-वीस पाठी भरल्या. मग एक दिवस मास्तरांनी अ‍ॅसिटामाइड काढलं आणि नायट्रोजनवर बोट ठेवलं. ड्रिलवाल्याने मोजलं. शेजारी तीन, जोडी एक. चार.

"चूक," मास्तर खुशीत म्हणाले. "शेजारचा कार्बन बघ. त्याचा ऑक्सिजनशी दुहेरी बंध आहे. असं शेजारघर मिळालं की ही जोडी घरात बसत नाही. सारखी तिकडे डोकावत असते. जी घरात नाही तिच्यासाठी जागा कशाला अडवायची? मोजायची नाही. उरले तीन. हा नायट्रोजन सपाट."

निळा गोळा काळ्यापेक्षा दोन मिलिमीटरने लहान असल्यामुळे तिनाच्या साच्यात तो डुगडुगायचा. ड्रिलवाल्याने त्याच्यासाठी वेगळा साचा घडवला. आठ दिवस लागले. मास्तरांनी साच्याला कोनमापक लावला, मग तो परत खिशात ठेवला, आणि त्या महिन्यापासून कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक खोक्यात दोन सपाट निळे गोळे जाऊ लागले. पुढच्या वर्षी मास्तर वारले. ही बातमी कारखान्यात पोचायला तीन महिने लागले.

मुलगी टोपलीतल्या गोळ्यांवरच मोठी झाली. सहा वर्षांची असताना तिने शेजारच्या काकूंना सांगितलं होतं, "तुमच्या घरात चार माणसं, म्हणजे तुम्ही एस-पी-थ्री." काकूंना वाटलं, पोरीने शिवी दिली. तिच्या आईने बाहेर येऊन समजूत घातली आणि आत जाऊन नवऱ्याला सुनावलं, "कारखाना कारखान्यात ठेवा. घरी आणू नका." त्याने आणायचं सोडलं नाही.

अकरावीनंतर मुलीचं शास्त्र पुढे गेलं आणि बापाचं भिंतीवरच्या साच्यांपाशी राहिलं. ती इलेक्ट्रॉनच्या कक्षकांच्या आकृत्या काढायची, त्यांत ढगांसारखं काहीतरी असायचं. तो चष्मा पुसून बघायचा. "यात भोकं कुठली?" "बाबा, भोकं नसतात हो. ती तुमच्या सोयीसाठी असतात." तो मान हलवायचा. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. तिला प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या संस्थेत जागा मिळावी, पांढरा कोट घालून तिने स्वच्छ खोलीत काम करावं, भुसा नाकात जाऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. संस्थेत तीस जागा होत्या. लेखी परीक्षेनंतर तोंडी परीक्षा, आणि तोंडी परीक्षेत समोर रेणूचं नाव ठेवून संकरण विचारायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. तो प्रश्न म्हणजे तिच्या घरचाच मामला.

ती बारावीत असताना कारखान्यात नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. त्यांना एवढंच दिसलं की खोक्याच्या झाकणावर काही छापलेलं नाही. त्यांनी एक तक्ता छापून घेतला. शेजारी अधिक जोड्या, बेरीज, संकरण, कोन. तक्ता सुबक होता आणि त्यात अपवादाला रकाना नव्हता. चार महिन्यांनी सहाशे चाळीस खोकी परत आली. सोबत गिऱ्हाइकांच्या खरेदी विभागाचं पत्र: प्रत्येक खोक्यातले दोन निळे गोळे झाकणावरच्या तक्त्याशी जुळत नाहीत, सबब सदोष.

साहेब दोन गोळे घेऊन मशीनपाशी आले.

"हे सपाट का आहेत?"

"अमाइडचे आहेत साहेब. त्यात जोडी घरात नसते."

"कुणाच्या घरात?"

पलीकडे रंगकामावरच्या मावशी खुदकन हसल्या. या मावशी गेली बावीस वर्षं निळा रंग लावत होत्या आणि त्यांना हसायला फार कारण लागत नसे.

"म्हणजे शेजारच्या दुहेरी बंधाकडे जाते," ड्रिलवाला म्हणाला. "म्हणून मोजायची नाही. कोनमास्तरांनी सांगितलेलं."

"कुठले मास्तर?"

"ते वारले."

"मग त्यांना विचारता येणार नाही." साहेब हे चेष्टेने म्हणाले नाहीत. "लेखी काही आहे?"

सँडपेपरच्या पाठी लेखीच होत्या, पण सँडपेपर वापरण्यासाठी असतो आणि तो वापरून झाला होता.

"नाही."

"तुमचं शिक्षण किती?"

"नववी."

"पास?"

त्याने मशीनवरचा भुसा हाताने झाडला. साहेबांनी गोळे मशीनच्या टेबलावर ठेवले. "हे बघा, तुमचं काम चोख आहे, सगळे सांगतात. पण काय पाडायचं हे तक्ता ठरवेल. ही सगळी बुजवून चाराच्या साच्यात पाडा. आणि तो जादा साचा भंगारात द्या, नाहीतर पुन्हा कुणीतरी घोळ घालेल."

त्याला नाही म्हणता आलं असतं. पुढे बरीच वर्षं आठवताना या जागेपाशी येऊन तो थांबायचा आणि मग, निवृत्तीला तीनच वर्षं उरली होती, हे स्वतःला सांगायचा. कारण खरं होतं. पुरेसं नव्हतं.

बाराशे ऐंशी गोळे. प्रत्येकातलं एक भोक चाराच्या मांडणीत चालून जात होतं. दोन बुजवायची होती. खुंटी कापायची, गोंद लावून ठोकायची, घासायची, मग साच्यात बसवून दोन नवी भोकं पाडायची आणि मावशींकडे द्यायचं. तीन आठवडे लागले. चुकीचंच काम करायचं तर निष्काळजीपणे करावं, हे त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तरी हाताने ऐकलं नसतं. प्रत्येक गोळा अर्ध्या अंशाच्या आत होता. मावशींनी रंग दिल्यावर खुंटीचा मागमूस राहिला नाही.

"दादा, हे म्हणजे या निळ्यांची पाळण्यातली नावं बदलल्यासारखं झालं," मावशी म्हणाल्या. "कालपर्यंत तिनाचे, आजपासून चाराचे."

"रंग लावा," तो म्हणाला.

त्यातलंच एक खोकं मुलीच्या कॉलेजात गेलं. तोंडी परीक्षेच्या तयारीसाठी तिने ते आठ दिवसांसाठी घरी आणलं. जेवणाच्या टेबलावर झाकण उघडलं तेव्हा तिचा चेहरा, लहानपणी टोपली उपडी करताना व्हायचा, तसा झाला होता.

"बाबा, परीक्षा घ्या माझी."

त्याने घेतली. मिथेन, इथिलीन, अ‍ॅसिटिलीन. बोरॉन ट्रायफ्लुओराइडला ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "शेजारी तीन, बोरॉनकडे जोडी नाही, एस-पी-टू." मग त्याने अ‍ॅसिटामाइड विचारलं. मुद्दाम विचारलं.

"नायट्रोजन? शेजारी तीन, जोडी एक. एस-पी-थ्री."

"नाही. तो सपाट असतो. एस-पी-टू."

"कसा?"

"जोडी घरात नसते. शेजारी डोकावते."

ती हसली. कुत्सितपणे नाही, बाप काहीतरी जुनं बोलला की मुलं हसतात तसं. "बाबा, डोकावते म्हणजे काय? तोंडी परीक्षेत मी असं सांगू? त्या जोड्या म्हणजे काय शेजारच्या काकू आहेत?"

"मास्तर सांगायचे."

"मास्तरांनी कुठे लिहून ठेवलंय? माझ्या पुस्तकात अ‍ॅसिटामाइडचं संकरण दिलेलंच नाही. नियम दिलाय. आणि हे बघा." तिने खोक्यातून निळा गोळा काढला, दोन काड्या खोचल्या आणि कंपासपेटीतला कोनमापक लावला. "एकशे साडेनऊ. अगदी बरोबर. हा गोळा तुम्हीच पाडलाय ना?"

"हो."

"खोक्यात गेलेला तुमचा गोळा कधी चुकलाय?"

आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "अहो, तिला गोंधळात टाकू नका. परीक्षा चार दिवसांवर आलीय."

इथे एक वाक्य बोलायचं राहिलं. हा गोळा सपाट होता, मी तो हुकमावरून बुजवला, असं ते वाक्य. बोलला असता तर ती उठली असती, वाचनालयात जाऊन जाडं पुस्तक उघडून पाहिलं असतं. पण ज्या गोष्टीसाठी मुलगी त्याला मानत होती, नेमकी तीच गोष्ट त्याने विकून खाल्ली आहे, हे तिच्यासमोर कबूल करणं त्याला जमलं नाही. वर त्याला वाटलं, शेकडो रेणूंतून नेमका हाच कशाला विचारतील.

"बघ बाई," तो म्हणाला. "तुझं शिक्षण माझ्यापेक्षा जास्त."

तोंडी परीक्षेच्या दिवशी तो रजा टाकून तिच्यासोबत गेला आणि संस्थेच्या लांब ओसरीत बाकावर बसला. समोर काचेच्या दारामागे पांढऱ्या कोटातली मुलं ये-जा करत होती. फरशी इतकी स्वच्छ होती की त्याने पाय बाकाखाली घेतले. ती वीस मिनिटांत बाहेर आली.

पाच रेणू होते. चारांची उत्तरं तिने थाडथाड दिली. पाचवं अ‍ॅसिटामाइड. ती म्हणाली, एस-पी-थ्री. परीक्षक बाई म्हणाल्या, "पुन्हा विचार कर." तिने पुन्हा मोजलं आणि पुन्हा तेच सांगितलं. बाईंनी तिसऱ्यांदा वाट करून दिली: "मग हा भाग सपाट कसा काय सापडतो?" तेव्हा ती म्हणाली, "सपाट नाहीये. मी स्वतः कोनमापक लावून मोजलाय." बाईंच्या शेजारचे परीक्षक हसले. म्हणाले, "रेणूला कोनमापक? कुठल्या दुकानात मिळतो?"

यादी लागली. तीस नावं, खाली प्रतीक्षा यादी. प्रतीक्षा यादीत ती पहिली. तिसावी मुलगी तिच्यापेक्षा एका गुणाने पुढे होती. त्या वर्षी तिसांपैकी कुणीच जागा सोडली नाही.

आठवडाभर ती घराबाहेर पडली नाही. मग वाचनालयातून जाडं पुस्तक आणलं आणि टेबलावर उघडं ठेवलं. त्यात सगळं होतं. जोडी दुहेरी बंधात मिसळते, नायट्रोजन सपाट होतो, एस-पी-टू. डोकावते हा शब्द तेवढा नव्हता.

"तुम्ही बरोबर होतात," ती बापाला म्हणाली. "मी ऐकलं नाही. चूक माझी."

त्याने पुस्तक मिटून तिच्याकडे सरकवलं. ती स्वतःला दोष देत होती आणि तो ते चालू देत होता. दहा दिवस असे गेले. अकराव्या दिवशी रंगकामवाल्या मावशी घरी आल्या, पोरीला धीर द्यायला. चहा घेत म्हणाल्या, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. त्या निळ्यांनी तुझ्या बापालाही कमी छळलं नाही. तीन आठवडे भोकं बुजवत होता बिचारा. एवढं मन लावून सपाट केलेले, साहेबांनी सगळे परत चाराचे करायला लावले."

मावशी गेल्यावर मुलीने कप उचलले, विसळले, पालथे घातले. मग बापासमोर येऊन बसली.

"कधीची गोष्ट?"

"ते राहू दे, आधी जेवून..." आईने विषय बदलायचा प्रयत्न केला. मुलीने हात वर करून तिला थांबवलं.

"परीक्षेच्या आधीची," तो म्हणाला. "चार-पाच महिने आधीची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी कोनमापक लावला तेव्हा."

"मी सांगितलं होतं तुला. सपाट असतो म्हणून."

"मास्तर काय म्हणायचे ते सांगितलंत. तुम्ही काय केलंत ते नाही सांगितलं." ती आवाज न चढवता बोलत होती. "मी पुस्तकावर विश्वास ठेवला नव्हता, बाबा. पुस्तकात ते नव्हतंच. मी भोकांवर ठेवला होता."

त्याने चष्मा काढला आणि पुसला. तो स्वच्छच होता.

पुढच्या वर्षी तिने संस्थेचा अर्ज भरला नाही. आईने बरंच समजावलं. ती एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर लागली. नाव, वय, पत्ता, कुठल्या डॉक्टरांकडे. प्रयोगशाळा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. नमुन्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून त्या वर पाठवायचं काम तिच्याकडे असे. वर ती कधी गेली नाही. घरी तिचं बापाशी वागणं नीट होतं. औषधं वेळेवर द्यायची, चष्म्याचा नंबर तपासायला न्यायची. परीक्षा घ्या माझी, असं मात्र ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

त्याच्या निवृत्तीला दोन महिने राहिले असताना कुठल्याशा प्राध्यापकांचं पत्र आलं. तक्ता अपुरा आहे, अमाइडमधला नायट्रोजन सपाट हवा. यावेळी सगळं लेखी होतं, शिक्क्यासह. साहेब पत्र घेऊन मशीनपाशी आले.

"तुम्ही हेच म्हणत होतात ना तेव्हा?"

"हो साहेब."

"अहो, मग लेखी का नाही दिलंत? मी वर पाठवलं असतं." त्यांना खरोखरच असं वाटत होतं. "आता तो जुना साचा..."

"भंगारात गेला."

"नवा किती दिवसांत होईल?"

"आठ."

त्याने सहा दिवसांत केला. आठवणीतून. मग दोन महिने सपाट निळे गोळे पाडले. झाकणावरच्या तक्त्याखाली एक ओळ वाढली, तिच्याखाली त्या प्राध्यापकांचे आभार छापले गेले.

निरोप समारंभ रंगकामाच्या खोलीत झाला, कारण तिथेच खुर्च्या मावत होत्या. साहेब चांगलं बोलले. मावशी रडल्या, आणि रडता रडता हसल्या. कारखान्याची आठवण म्हणून त्याला रेणूंचं एक खोकं दिलं. नवी खोकी सगळी मागणीत गेली होती, म्हणून कोठीतून एक जुनं काढलं होतं. झाकणावर जुना तक्ता होता. त्याने तो पाहिला, आभार मानले आणि खोकं काखेत घेऊन घरी आला.

मुलगी कामावरून परतली तेव्हा खोकं जेवणाच्या टेबलावर होतं. तिने पर्स खुंटीला अडकवली, झाकण उघडलं आणि निळे गोळे वेचून बाजूला घेतले. एकेक बोटांत फिरवून पाहिला. अंगठा एका भोकावर, तर्जनी दुसऱ्यावर, अगदी त्याच्यासारखं. चौथ्या गोळ्यावर ती थांबली. खिडकीच्या उजेडात तिरका धरल्यावर, तीन वर्षांत विटलेल्या रंगाखाली दोन फिकट वर्तुळं दिसत होती. तिने डोक्यातली पिन काढली आणि एका वर्तुळाच्या कडेवर टोचून पाहिली. मग जोर लावून पाहिली. पिन वाकली. खुंटी हलली नाही.

तो दारात उभा राहून बघत होता.

"गोंद चांगला होता," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "काम चोख केलंय." तिने गोळा परत त्याच्या खळग्यात ठेवला, झाकण लावलं आणि ताटं मांडायला जागा हवी म्हणून खोकं उचलून कपाटावर ठेवलं.